पृष्ठभागावरची प्रथिनं आणि लस: सुरुवात कुठून करावी

औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंवर लस शोधायची, तर त्यांच्या पृष्ठभागावरचं प्रथिन वेगवेगळ्या नमुन्यांत कितपत सारखं आहे हे जीनोमवरून, म्हणजे जीवाणूच्या संपूर्ण जनुकीय माहितीवरून, पाहावं लागतं. पण पहिल्याच दिवशी हजारो जीनोम उतरवून घेऊ नका. एक जीवाणू आणि एकच प्रथिन निवडा. असिनेटोबॅक्टर बाउमनी या जीवाणूचं ओम्पए हे पृष्ठभागावरचं प्रथिन चालेल.

सगळ्यात जास्त फसगत नमुन्यांत होते. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचे बरेचसे जीनोम रुग्णालयांतल्या साथींमधून आलेले असतात. एकाच क्लोनच्या (एकाच मूळ जीवाणूपासून वाढलेल्या वंशाच्या) शेकडो प्रती मोजल्या की प्रथिन सगळीकडे सारखंच दिसतं आणि लस हाती लागल्यासारखं वाटतं. आधी एमएलएसटी प्रकार (मोजक्या ठरावीक जनुकांवरून ठरणारा वंशप्रकार) पाहा, प्रत्येकातले मोजकेच नमुने ठेवा, मगच साम्य काढा.

साम्याच्या सरासरीवरही विसंबू नका. ओम्पएचा पटलात (जीवाणूच्या बाहेरच्या आवरणात) रुतलेला भाग फारसा बदलत नाही. बदल साचतात ते बाहेर आलेल्या वेटोळ्यांत, आणि प्रतिपिंडांची गाठ नेमकी त्यांच्याशीच पडते.

नेहमीच्या आणखी चुका:
- जनुक दिसलं म्हणजे प्रथिन उघड्यावर आहे असं धरणं. ते कॅप्सूलखाली, म्हणजे जीवाणूभोवतीच्या शर्करेच्या थराखाली, झाकलेलं असू शकतं.
- कॉन्टिगच्या (जीनोमच्या जुळवलेल्या सलग तुकड्याच्या) टोकाशी तुटलेलं जनुक ‘नाही’ म्हणून मोजणं.
- मानवी प्रथिनांशी साम्य अगदी शेवटी तपासणं.

विविधता पाहून खचू मात्र नका. मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकॉकस बी या जीवाणूच्या पृष्ठभागावरच्या एफएचबीपी प्रथिनाचे शेकडो प्रकार आहेत, तरी ते दोनच उपकुटुंबांत बसतात. दोन्हींतलं एकेक प्रथिन घेऊन केलेली लस अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाली.

पुनर्संयोजन (जीवाणूंमधली जनुकांची देवाणघेवाण), निवडदाब (कोणते बदल टिकतात हे ठरवणारा दाब) वगैरे सध्या बाजूला राहू द्या. वेटोळ्यांचा पहिला तक्ता झाला की दाखवा, मिळून पाहू.