बावन्नपैकी एकोणीस

पुणे,
आषाढ शुद्ध दशमी

प्रिय पोरी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज परवाच वाचला. मोबाइलवर मला चार ओळींपलीकडे लिहिता येत नाही, अंगठा दुखतो. म्हणून हे पत्र, आणि ते सोबतच्या पुस्तकातच ठेवतोय. पुस्तकाचं शेवटी सांगतो.

वर्षात ५२ पुस्तकं वाचायचा पण केलास. जुलै आला, आणि अ‍ॅप सांगतंय की १९ झाली, तू नऊ पुस्तकं मागे आहेस. मागे? कुणाच्या? आधी मला हसू आलं. पण पुढे लिहिलंयस, 'आता जाड पुस्तक हातात घ्यायची भीती वाटते,' तिथं हसू मावळलं. म्हणजे दुकानात पुस्तक उचललंस की तू आधी शेवटचा पृष्ठांक बघतेस. ही खोड मला चांगली ठाऊक आहे. मीही तीस वर्षं पानं मोजूनच वाचत होतो. फरक इतकाच की मला त्याचे पैसे मिळायचे.

मी मुद्रितशोधक होतो हे तुला माहीत आहे, पण काम कसं चालायचं ते कधी बोललो नसेन. खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, छपाई होती. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ लावायचा आणि गॅलीचा, म्हणजे लावलेल्या ओळींच्या तबकाचा, ठसा माझ्या टेबलावर यायचा, शाई अजून बोटाला लागेल असा. सोळा पानांचा एक फॉर्मा, आणि आमचा सगळा हिशेब फॉर्म्यावर. या धंद्यात मजकुराच्या अर्थामध्ये शिरलं की घात होतो. गोष्टीत रमलेला डोळा पुढे पळतो आणि 'दिवस'चं 'दीवस' तसंच छापून जातं. आम्ही नुसतं अक्षर बघायचो. काना, मात्रा, वेलांटी, उलटा बसलेला खिळा. फारच शंका आली तर ओळ शेवटच्या शब्दापासून मागे वाचत यायची.

एकदा एका कादंबरीचे बारा फॉर्मे मी आठवड्यात तपासून दिले. १९२ पानं. शनिवारी लेखक स्वतः छापखान्यात आले, सगळ्यांना चहा सांगितला आणि मला विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "स्वच्छ आहे." ते इतके खूश झाले! त्यांना वाटलं, मी त्यांच्या शैलीबद्दल बोलतोय. त्या कादंबरीत कोण मेलं आणि कोण जगलं, हे मला आजतागायत माहीत नाही.

घरी वाचायला बसलो तरी हात पेन्सिलीकडे जायचा. चांगल्या चाललेल्या कवितेत मी ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसायचो. तेव्हा एक युक्ती केली, ती अजून चालू आहे. पहिल्यांदा वाचताना पेन्सिल दुसऱ्या खोलीत. पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटलं तरच पेन्सिल हातात घ्यायची. तीही मजकुराखाली रेघा ओढायला नाही. समासात एक बारीक उभी रेघ, आणि मागच्या कोऱ्या पानावर पृष्ठांक आणि दोन शब्द. परवा एका जुन्या पुस्तकाच्या मागे माझ्याच अक्षरात मिळालं, '६१ – आईचं गप्प बसणं.' पान काढलं, दोनदा वाचलं. त्या पानावर आई गप्प बसतच नाही. उलट, बरंच बोलते. तीस वर्षांपूर्वी मला ती गप्प का वाटली असेल, याचा विचार करत मी अर्धी दुपार घालवली. ती दुपार तुझ्या अ‍ॅपमध्ये कुठल्या रकान्यात घालशील?

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' तुझ्या १९मध्ये आहे, आणि 'एका बैठकीत संपलं' असं तू त्यापुढे लिहिलंयस. संपेलच, लहानशी कादंबरी आहे. मीही बाविसाव्या वर्षी एका रात्रीत वाचली होती आणि सकाळी प्रेमात पडल्यासारखा चेहरा करून छापखान्यात गेलो होतो. मला तेव्हा फक्त चक्रधर आणि हॅर्टा दिसले होते. चाळिशीत पुन्हा घेतली आणि रोज थोडी थोडी वाचली, बोटीचा प्रवास चालावा तशी. या खेपेला बोट दिसली. युरोपातून निघालेली, घरदार सुटलेल्या माणसांनी भरलेली. मग पुस्तकाचं साल बघितलं, १९३९. महायुद्ध पेटलं ते वर्ष. लेखकाला पुढचं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं, हे लक्षात आल्यावर मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो. पुस्तक तेच होतं, फक्त मी दुसऱ्यांदा सावकाश गेलो. पुस्तकागणिक वेग वेगळा असतो, आणि तो पहिल्या वाचनात कळेलच असंही नाही.

काही पुस्तकं तर डोळ्यांनी वाचायचीच नसतात. शेवटच्या वर्षांत माझ्या आईला दिसत नव्हतं. तिला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचून दाखवली. १९३४पासून चार भागांत निघालेलं हे पुस्तक मी आधी मनातल्या मनात वाचलं होतं आणि 'छान आहे' म्हणून ठेवून दिलं होतं. मोठ्यानं वाचायला लागलो तेव्हा कळलं की बाई लिहीत नाहीयेत, ओट्यावर बसून सांगताहेत. वाक्य कुठं तोडायचं ते श्वासच ठरवतो. आई मध्येच म्हणायची, "थांब, हे परत वाच," आणि आम्ही दोघं तेच हसणं दुसऱ्यांदा हसायचो. शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेल्या बाईचं हे मराठी, आणि आम्ही शुद्धलेखनाचे नियम खिशात घेऊन फिरणारे! असो.

सोडून देण्याबद्दल विचारलंयस. बेलाशक सोड. माझी मर्यादा दोन फॉर्म्यांची, म्हणजे ३२ पानं. सवय जात नाही. तेवढ्यात पुस्तकानं हात धरला नाही तर मी आतल्या पानावर पेन्सिलीनं तारीख टाकतो आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवतो. रद्दीत घालत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या कथा त्या खणात दोनदा जाऊन आल्या. पंचविशीत मला त्या उगाच काळोख्या वाटल्या. पन्नाशीला, जवळचं एक माणूस गेल्यावर, तिसऱ्यांदा उघडल्या आणि मग खालच्या खणात परत गेल्या नाहीत. पण खालच्या खणातलं सगळंच वर येतं असं नाही. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत पाणी मागणारा माणूससुद्धा दरबारात उभा असल्यासारखा बोलतो, त्या तिथंच आहेत. यशाच्या पायऱ्या मोजून देणारी पुस्तकंही. त्यांचं मुद्रितशोधन केलंय मी. पायऱ्यांचे क्रमांक बहुतेकदा चुकलेले असतात.

आवडीची लाज मात्र बाळगू नकोस. रहस्यकथांना तू 'हलकंफुलकं, मोजू की नको?' असं म्हटलंयस. मी बाबुराव अर्नाळकरांवर वाढलो. माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातला झुंजार आणि काळापहाड आमच्या वाड्यात घरच्या माणसांसारखे वावरायचे. पुस्तक दिवसाच्या भाड्यानं मिळायचं, त्यामुळे रात्रीत संपवायचं आणि सकाळी शाळेच्या वाटेवर परत करायचं. वेगानं वाचायला मी तिथं शिकलो. तो वेग चुकीचा नव्हता, त्या पुस्तकांना तोच शोभत होता.

आणखी एक, घाईत सांगतो. शब्द अडला तर संदर्भानं अंदाज बांधून पुढे पळू नकोस. उशाशी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ठेवायला तुला जागा नाही हे कबूल. पण १८५७ची त्याची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्व्यांचा सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एक शब्द बघायला जाशील आणि शेजारचे पाच वाचून येशील. माझे कितीतरी रविवार असे गेले.

आता सोबतच्या पुस्तकाबद्दल. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ साली आलेलं. बारा महिन्यांवर बारा लेख. मी ते ज्या त्या महिन्यात वाचतो, एका महिन्यात एकच, आणि पुढच्या महिन्याचं पान उघडायचं नाही. बरीच वर्षं झाली. चैत्रात चैत्र वाचायचा आणि खाली उतरून वाड्यामागच्या पिंपळाला पालवी आली का बघायचं. एका वर्षी पालवी आधीच येऊन गेली होती. मी रागावून बसलो, झाडावर की पुस्तकावर ते आठवत नाही. पुस्तक एक, लागतं वर्ष. तुझ्या हिशेबात हे बसणार नाही, म्हणूनच पाठवतोय.

प्रत जपून हाताळ. पुठ्ठा सुटलाय, खाकी कव्हर मी घातलंय. भाद्रपदाच्या पानांत एक तपकिरी डाग आहे, तो तेरड्याच्या फुलाचा. कसरीनं खाल्लं असं समजून घाबरू नकोस. सुरुवात चैत्रापासून करू नकोस. आत्ता आषाढ चालू आहे, तिथून उघड. माझा आषाढ परवाच वाचून झाला.

पण श्रावणाचं काय? श्रावणात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून बजावलंय. तेव्हा श्रावण लागला की एका संध्याकाळी फोन कर, नवाच्या आत, नंतर मला झोप येते. तू वाच, मी ऐकीन. अडलीस तर थांब, घाई करू नकोस. मध्येच मी 'परत वाच' म्हणालो तर वैतागू नकोस.

उद्या एकादशी, तुझ्या काकूनं साबुदाणा भिजत घातलाय आणि मला शेंगदाणे सोलायला बसवायचा तिचा बेत दिसतोय. तेव्हा पुरे करतो.

पुस्तक परत हवंय. नवी प्रत घेऊन देशील, तसं नको. हीच.

तुझा,
काका