वर्गात डिकन्स घेताय? इथून सुरुवात करा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातली) कादंबरी वाचायला देताय, फार आनंद झाला. नक्की जमेल. फक्त चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ पहिल्या पानापासून मूळ इंग्रजीत देऊ नका. ५३ प्रकरणं आहेत आणि पहिला परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक वाक्य! मुलं तिथेच पुस्तक मिटतात.

दुसऱ्या प्रकरणातला प्रसंग घ्या. वर्कहाउसमधली, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या संस्थेतली, भुकेली मुलं चिठ्ठ्या टाकतात, ऑलिव्हरचं नाव निघतं आणि तो वाडगा घेऊन आणखी पेज मागायला जातो. संवाद छोटे आहेत, मोठ्याने वाचून घ्या.

त्याआधी पाच मिनिटं वर्कहाउसबद्दल बोला. इंग्लंडमध्ये १८३४च्या कायद्याने गरिबांना मदतीसाठी तिथे पाठवायचं धोरण आणलं. आत नवरा, बायको, मुलं वेगळी ठेवत आणि जगणं मुद्दाम खडतर करत, म्हणजे लोक यायलाच नकोत. हे माहीत नसेल तर ऑलिव्हर नुसता हट्टी वाटतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिणं. मोजके पाच-सहा आधी द्या, बाकीचे अंदाजाने कळू देत.
- सिनेमा आधी दाखवणं. मग कुणी वाचत नाही.
- सगळा तास ‘बिचारा ऑलिव्हर’वर घालवणं. डिकन्सचा राग व्यवस्थेवर आहे. अन्न कोण नाकारतंय, हे मुलांनाच विचारा.

पुढे डिकन्सचंच ‘अ ख्रिसमस कॅरल’ घ्या, पाचच भाग आहेत. हार्डी, गॅस्केल हे त्या काळातले दुसरे कादंबरीकार आत्ता नकोत.