वनस्पती उद्यानाच्या वसंतोत्सवाला नेहमीचेच लोक येतात. बाकीच्यांपर्यंत कसे पोहोचावे?

तुम्ही ज्या सार्वजनिक वनस्पती उद्यानाच्या स्वयंसेवक समितीवर नुकतेच आला आहात, तेथे दर वसंतात फुलांचा मोठा उत्सव भरतो, गर्दीही चांगली होते, पण येणारी माणसे बहुतेक तीच असतात आणि उद्यानाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांमधले लोक मात्र आत येत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. उत्सवात कोणते नवे कार्यक्रम ठेवले म्हणजे हे लोक येतील, हा तुमचा प्रश्न. मी अशाच एका उद्यानाच्या शिक्षण विभागात बरीच वर्षे काम करते आहे. माझ्या मते कार्यक्रमांच्या यादीआधी कामाचा क्रम बदलायला हवा. ज्यांनी वसंतात यावे असे वाटते, त्यांच्याकडे उद्यानाने आदल्या शरदातच जायला हवे, आणि जाताना आमंत्रणपत्रिका नेण्याऐवजी उद्यानाच्या कामातला एखादा वाटा न्यायला हवा. मग ही माणसे वसंतात येतील ती स्वतः लावलेल्या किंवा स्वतः नजर ठेवलेल्या झाडाचे पुढे काय झाले ते बघायला येतील.

शरदच का, याचे कारण वनस्पतींच्या वेळापत्रकातच आहे. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार होते. कंद शरदात जमिनीत जातो आणि त्यानंतर साधारण १२ ते १६ आठवड्यांची थंडी मिळाली तरच त्याचा दांडा नीट लांबतो. थंड हिवाळ्याच्या प्रदेशात लोकसंपर्काची सुरुवात करायला कंदांइतके सोयीचे दुसरे काही मला दिसत नाही. उद्यानाने आपल्या वाफ्यांसाठी मागवलेल्या कंदांतलाच एक हिस्सा आसपासच्या शाळांना, वृद्धाश्रमांना, रुग्णालयाच्या आवारासाठी द्यावा. उद्यानाच्या माळ्याने स्वतः तेथे जाऊन तो लोकांच्या हातून लावून घ्यावा. आणि कोणता प्रकार, कोणत्या तारखेला, किती खोल लावला याची नोंद उद्यानात ठेवतात तशीच तेथेही ठेवायला शिकवावे. पुढे दोन्हीकडे एकच प्रकार फुलू लागला, की शाळेच्या ऊन धरणाऱ्या भिंतीजवळचा वाफा उद्यानाच्या आधी का फुलला हे मुले स्वतःहून विचारतात, आणि पडताळून बघण्यासाठी उद्यानात येण्याचे त्यांना खरेखुरे कारण मिळते. जेथे कडक थंडी पडत नाही, तेथे कंदांचा हट्ट धरू नये. स्थानिक झाडांचे बी गोळा करून ते रुजवायला देणे हा तेथला मार्ग आहे.

आता उत्सवाच्या तारखेविषयी लिहिते, कारण बहुतेक समित्या येथेच अडकतात. तारीख वर्षभर आधी ठरवावी लागते, आणि फुले मात्र तापमानाप्रमाणे चालतात. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. तेथे २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, आणि तोपर्यंतच्या सुमारे १२०० वर्षांच्या नोंदींत तो सर्वांत लवकरचा ठरला. म्हणजे एकाच झाडाच्या एकाच बहरावर सगळा उत्सव टांगणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्ष-उद्यानात १९०८ पासून मे महिन्यात लायलॅकचा, म्हणजे सुवासिक फुलांच्या एका झुडपाचा, रविवार साजरा होतो. तो इतकी वर्षे टिकला त्याचे एक कारण असे, की तेथील संग्रहात लायलॅकचे पुष्कळ प्रकार आहेत आणि ते एकामागून एक फुलत राहतात. ठरलेल्या दिवशी काही ना काही फुललेले असतेच. न्यूयॉर्कचे ब्रुकलिन वनस्पती उद्यान दुसरी वाट धरते. तेथे चेरीच्या एकेका झाडाची स्थिती, म्हणजे कळ्या आहेत, फुलायला लागले आहे, पूर्ण बहरात आहे की पाकळ्या गळू लागल्या आहेत, हे हंगामभर नकाशावर दाखवले जाते. मला ही दुसरी वाट अधिक आवडते, कारण तिच्यामुळे लोक बहराच्या आधीचे आणि नंतरचे झाडही पाहू लागतात. शक्य असेल तर एका मोठ्या दिवसाऐवजी सहा-सात आठवडे चालणारे छोटे कार्यक्रम ठेवा. कामावर सुट्टी न मिळणाऱ्या माणसाला एक रविवार हुकला तरी पुढचा मिळतो.

कार्यक्रम कोणते, हे त्या आठवड्यात उद्यानात खरोखर काय चालले आहे यावरून ठरवावे. माझा सर्वांत भरवशाचा कार्यक्रम मॅग्नोलियाच्या कळीचा आहे. मॅग्नोलिया हा आपल्या सोनचाफ्याच्याच प्रजातीतला. पुष्कळ जातींना पाने येण्याआधी फुले येतात. छाटणीत निघालेल्या किंवा वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरच्या टपोऱ्या कळ्या मी टेबलावर मांडते; यासाठी झाडावरची कळी कधीही तोडू नये. कळीवरचे आवरण करडे आणि मऊ लव असलेले असते. ते नखाने उकलायला सांगितले, की आत एकमेकींभोवती गुंडाळलेल्या पाकळ्या दिसतात, आणि त्या एकेक करून बाजूला केल्या, की मधोमध एक लहानसा उभा दांडा उरतो. त्याच्या खालच्या भागावर पुंकेसर आणि वरच्या भागावर स्त्रीकेसर मळसूत्री ओळींत बसलेले असतात, आणि हे सगळे साध्या भिंगातून स्वच्छ दिसते. फूल उमलल्यावर आधी स्त्रीकेसर पराग घ्यायला तयार होतात आणि पुंकेसर मागाहून परागकण सोडतात, हे सांगितले की मोठी माणसेही पुन्हा वाकून बघतात. मग विचारायचे, की या फुलाकडे कोण येत असेल? बहुतेक मुले मधमाशीचे नाव घेतात. मॅग्नोलियाचा वंश मधमाश्यांहूनही जुना आहे आणि आजही भुंगेरे त्याच्या परागीभवनाचे मोठे काम करतात, हे कळल्यावर पुढचे प्रश्न आपोआप येतात. या टेबलावर वाचता न येणारे मूल, भाषा नीट न समजणारी पाहुणी आणि वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी एकाच वेळी उभे राहू शकतात. दृष्टिहीन व्यक्तीलाही ती लव, त्या पाकळ्या आणि तो मळसूत्री दांडा बोटांनी पूर्ण कळतो. ब्रुकलिनच्या उद्यानाने १९५५ मध्येच सुगंधाचा आणि स्पर्शाचा विचार करून दृष्टिहीनांसाठी वेगळी बाग उभारली होती. म्हणून चाकाच्या खुर्चीवरून हात पोहोचतील इतके उंच वाफे आणि ब्रेल फलक यांचा खर्च समितीने नैमित्तिक न धरता कायमच्या अंदाजपत्रकात घालावा, असा आग्रह मी धरते.

निरीक्षणाचे कामही लोकांना खुले करावे. एखाद्या झाडाची एक फांदी रंगीत फितीने खूण करून एखाद्या वर्गाला किंवा कुटुंबाला वाटून द्यावी आणि पहिली कळी, पहिले उमललेले फूल, पहिले पान यांच्या तारखा त्यांनीच नोंदवाव्यात. अशा नोंदींना शास्त्रीय मोल असते. अमेरिकेत नागरिकांकडून अशा नोंदी जमवणारा बडबर्स्ट प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला, आणि आता तो शिकागो वनस्पती उद्यानाकडे आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतील चढाओढ म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेली सिटी नेचर चॅलेंज ही शहरातल्या सजीवांच्या नोंदी जमवण्याची मोहीम आज जगभरच्या शहरांत एप्रिलच्या अखेरीस होते, आणि वनस्पती उद्यानाला तिच्यात सहज भाग घेता येतो. याशिवाय १८ मे हा वनस्पतींच्या आकर्षणाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून २०१२ पासून पाळला जातो. आयते निमित्त हवे असल्यास तो दिवस उपयोगी पडतो.

रोपविक्रीबद्दल थोडेच सांगते, कारण ती तुमच्याकडे होतच असणार. विक्रीपेक्षा ठोंब फोडण्याचा कार्यक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. बहुवर्षायू झाडांचे वाढलेले ठोंब वसंताच्या सुरुवातीला फोडावेच लागतात. ते काम माळ्याबरोबर पाहुण्यांना करू दिले आणि प्रत्येकाला मुळांसकट एक फुटवा नेऊ दिला, तर रोपाबरोबर ते वाढवण्याची रीतही घरी जाते. मात्र देण्याच्या प्रत्येक रोपाची निवड अभिरक्षकाने, म्हणजे संग्रहाची जबाबदारी असलेल्या तज्ज्ञाने, तपासलेली असावी. जपानी नॉटवीड १८५० मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात आले आणि शोभेची वनस्पती म्हणून पसरत जाऊन आज ब्रिटनमधील अत्यंत त्रासदायक तणांपैकी एक बनले आहे; घाणेरीही शोभेसाठीच जगभर नेली गेली. बाहेर पसरू शकणारे रोप वनस्पती उद्यानाने लोकांच्या हाती देणे मला अक्षम्य वाटते.

आता जे येत नाहीत त्यांच्याविषयी. ते का येत नाहीत याचा अंदाज समितीच्या खोलीत बसून बांधू नये, त्यांनाच विचारावे. उत्तरे बहुधा साधी असतात. प्रवेशशुल्क परवडत नाही, बस थेट येत नाही, वेळ जुळत नाही, फलकांवरची भाषा कळत नाही, आणि ही जागा आपल्यासाठी आहे असे कोणी कधी सांगितलेलेच नाही. यांतल्या पहिल्या चारांवर पैशाने आणि नियोजनाने उपाय होतो. व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि सजावट यांवरचा खर्च कमी करून तो पैसा बसगाड्यांवर घालावा असे मी दर वर्षी सुचवते. वसंत हा अनेक पक्ष्यांच्या विणीचाही काळ असतो, त्यामुळे ध्वनिक्षेपक नसलेलाच बरा. पाचव्या कारणाला मात्र माणसेच लागतात आणि वेळही लागतो. न्यूयॉर्क वनस्पती उद्यानाचा ब्राँक्स ग्रीन-अप हा उपक्रम १९८८ पासून चालू आहे. त्यात उद्यानाची माणसे वस्त्यांतल्या सामुदायिक बागांत आणि शाळांत जाऊन माती, कंपोस्ट आणि लागवड यांबाबत मदत व प्रशिक्षण देतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानाने शाळांच्या आवारांत स्थानिक वनस्पतींच्या बागा उभारण्यासाठी असेच काम केले आहे. ब्रुकलिनमध्ये १९१४ पासून मुलांची बाग आहे. तेथे मुले हंगामभर स्वतःचा वाफा कसतात. या तिन्ही ठिकाणी काम एका दिवसाचे नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

तुमच्याकडे एवढे मनुष्यबळ नसेल, तर एकच वस्ती निवडा आणि तेथे निदान तीन वर्षे जात राहा. दर वर्षी नवी वस्ती घेऊ नका. दर वेळी तोच माळी किंवा तीच स्वयंसेविका जाईल असे बघा, कारण लोक संस्थेला ओळखत नाहीत, त्या माणसाला ओळखतात. वेगळी सभा न बोलावता, तेथे आधीपासून भरत असलेल्या बैठकीत जा. आणि जाताना शिकवायच्या तयारीबरोबर ऐकायची तयारीही ठेवा. दूरदेशाहून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या आजींना उद्यानातल्या चार झाडांचे उपयोग आपल्या माहितीफलकापेक्षा अधिक ठाऊक असू शकतात. अशा व्यक्तीला मानधन देऊन तिच्या भाषेत उद्यानफेरी घ्यायला सांगावे. ती फेरी ऐकायला तिचे शेजारीपाजारी येतात, आणि त्यांतले पुष्कळ जण तेव्हा पहिल्यांदाच फाटकाच्या आत पाऊल टाकतात.

यावर समितीतील कोणी असे म्हणू शकेल, की उद्यानाचे मुख्य काम संग्रह आणि संशोधन आहे, हे सगळे वरकड आहे. त्यांना इटलीतील पादुआच्या उद्यानाची आठवण द्यावी. १५४५ मध्ये ते उभारले गेले तेच मुळी विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती जिवंत स्वरूपात ओळखता याव्यात म्हणून. प्रत्येक झाडाला क्रमांक असणे आणि ते कोठून, कधी आले याची नोंद असणे हीच वनस्पती उद्यानाची साध्या बागेहून वेगळी ओळख आहे, आणि ती नोंद लोकांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. फलकाच्या कोपऱ्यातला तो क्रमांक कसा वाचायचा, एवढे शिकवणारी अर्ध्या तासाची फेरीसुद्धा चांगली रंगते.

मात्र संग्रहाची काळजी घेणाऱ्यांची एक तक्रार खरी असते आणि ती ऐकायलाच हवी. झाडांची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास असतात, आणि वसंतातील ओल्या मातीवरून गर्दी चालली की माती दबते, तिच्यातली हवा जाते आणि झाडाचे नुकसान काही वर्षांनी दिसू लागते. म्हणून जुन्या झाडांच्या विस्ताराखाली दोर लावणे, वाटांवर लाकडी चुरा टाकणे आणि फार पाऊस झाल्यास तो भाग त्या दिवशी बंद ठेवण्याचा अधिकार मुख्य माळ्याला देणे, हे आधीच लेखी ठरवून घ्या.

उत्सव यशस्वी झाला की नाही हे फाटकावरच्या आकड्यावरून ठरवू नका. शाळेत लावलेल्या वाफ्याला सुट्टीत कोणी पाणी घातले, फितीने खूण केलेल्या फांद्यांपैकी किती फांद्यांच्या नोंदी शेवटपर्यंत पूर्ण झाल्या, आणि वसंतात आलेल्यांपैकी किती जण फुले नसलेल्या महिन्यांत परत आले, याची माहिती ठेवा. तुमचा उत्सव जवळ आला असेल आणि शरद निघून गेला असेल, तर या वर्षी फक्त फांद्या वाटण्याचे आणि ठोंब फोडण्याचे काम हाती घ्या. दोन्हींना आधीची लागवड लागत नाही. त्या निमित्ताने एका वस्तीतली आणि एका शाळेतली माणसे ओळखीची झाली, की येत्या शरदात कंद किंवा बी घेऊन कोणाकडे जायचे ते तुम्हाला ठाऊक असेल.