'आमची ऋणे आम्हांस सोड' : इथे ऋण म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय की येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड" असं येतं, तर देवाकडे पापांची क्षमा मागायची सोडून हे देण्याघेण्याचं काय मध्येच, भाषांतर गंडलंय का?

गंडलेलं नाही, उलट अगदी शब्दाला शब्द आहे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्रात (6:12), मूळ ग्रीक शब्द आहे ओफेइलेमाता, म्हणजे सरळसरळ देणी, थकबाकी. लूकाच्या शुभवर्तमानात (11:4) हीच प्रार्थना येते तिथे 'पापं' आहे, पण गंमत बघा, त्याच ओळीत पुढे लूकही 'जो आमचं देणं लागतो त्या प्रत्येकाला' असंच म्हणतो. अभ्यासक याचा धागा अरामीशी जोडतात, कारण येशूची बोलायची भाषा ती आणि तिच्यात 'होबा' या एकाच शब्दात कर्जही येतं आणि पापही. आपल्याला यात नवल वाटायला नको, 'माफ' बघा ना, गुन्हाही माफ होतो आणि सातबाऱ्यावरचा बोजाही.

मराठीत घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. ऋण शब्द रोजच्या बोलण्यातून गेलाय, सत्कारात "मी आपला ऋणी आहे" म्हणण्यापुरता उरलाय, त्यामुळे 'आपल्या ऋण्यांस' ऐकलं की आपले आभार मानणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात! इथला ऋणी म्हणजे बँकेच्या कागदावरचा ऋणको, आपले पैसे थकवून बसलेला. शिवाय ऋण म्हटलं की आपल्याला देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आठवतात आणि ती सगळी फेडायची असतात. या ओळीत फेडत कुणीच नाही. म्हणून मला तरी वाटतं की बघायचा शब्द ऋण नाहीच, 'सोड' आहे. ग्रीक क्रियापदही तेच, आफिएमी, सोडून देणे, जाऊ देणे.

हे सोडणं म्हणजे केवढं ते मत्तयाच्याच 18व्या अध्यायात येशू सांगतो त्या गोष्टीतून कळतं. एका चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत, एक तालांत म्हणजे साधारण 6000 दिनार आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हिशेब सहा कोटी दिवसांचा, सात पिढ्या राबल्या तरी फिटायचा नाही. राजा ते सगळं सोडतो, आणि हा पठ्ठ्या बाहेर पडल्या पडल्या शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराची नरडी धरतो, त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं आणि सोडलेलं सगळं कर्ज पुन्हा याच्या मानगुटीवर बसतं.

आता 'सोडले आहे' मधला काळही बघा. 1611 च्या इंग्रजी बायबलात तिथे वर्तमानकाळ आहे, 'आम्ही सोडतो तसं'. मराठीत काम आधीच उरकलेलं आहे, मग मागणी. जास्त कडक आहे हे, आणि मत्तयाच्या जुन्या हस्तलिखितांना धरूनही.

बाकी इंग्रजी शाळेत शिकलेल्यांच्या कानात 'ट्रेसपासेस' बसलेलं असतं, ते इंग्लंडच्या चर्चच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकामुळे रुळलं, तिथे कर्ज जाऊन आगळीक आली. गोव्यातल्या कोंकणीतही कर्ज नाही, 'आमचीं पातकां भोगस' म्हणतात, आणि मराठी माणसाने ते ऐकून पापं भोगायला लावतायत असं समजू नये, भोगसप म्हणजे क्षमा करणं.