6जीच्या संयुक्त प्रोजेक्टसाठी वेव्हफॉर्म कोणता: ओटीएफएस की ओएफडीएम?

प्रश्न: पुण्यातल्या दोन कॉलेजांचे ई अँड टीसीचे गट मिळून 6जीच्या रेडिओ इंटरफेसवर काम करतोय. दोन यूएसआरपी बी210 (संगणकावरून चालणारे रेडिओ बोर्ड) आहेत. ओटीएफएस घ्यावा की ओएफडीएम?

उत्तर:

ओएफडीएम. तो डेटा अनेक बारीक कॅरिअरवर, म्हणजे सबकॅरिअरवर, वाटून पाठवतो. ओटीएफएसचा फायदा दिसतो तो डॉप्लर मोठा असताना, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी फार सरकते तेव्हा. पण एक्सप्रेसवेवर ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला 3.5 गिगाहर्ट्झवर डॉप्लर येतो सुमारे 325 हर्ट्झ. 30 किलोहर्ट्झच्या सबकॅरिअर अंतरापुढे हा जेमतेम एक टक्का. ओटीएफएसने बरं करावं असं दुखणंच तिथे नाही.

पण तुमचं काम वेव्हफॉर्मवर अडणार नाही, घड्याळावर, म्हणजे दोन बोर्डांची फ्रिक्वेन्सी जुळण्यावर (सिंकवर) अडेल. ‘सिंक म्हणजे प्लंबिंग, ते ज्युनिअर बघतील’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं सविस्तर लिहितो.

हमखास होतं ते असं. दोन्ही बोर्ड एका टेबलावर, एकाच 10 मेगाहर्ट्झ रेफरन्सवर, मधे केबल आणि किमान 40 डीबीचं अटेन्युएशन (ते विसरलात तर रिसीव्हर गेला, बी210च्या इनपुटला −15 डीबीएमच्या वर द्यायचं नाही). कॉन्स्टेलेशनचे (मिळालेल्या सिम्बॉलांच्या आलेखाचे) ठिपके मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. मग दुसरा गट आपला बोर्ड घेऊन जातो, दोघं आपापल्या आतल्या टीसीएक्सओवर (बोर्डातलं क्रिस्टल घड्याळ) येतात आणि सीआरसी (डेटा बरोबर आला का याची तपासणी) एकदाही पास होत नाही.

त्या टीसीएक्सओची अचूकता ±2 पीपीएम (दशलक्षात 2). 3.5 गिगाहर्ट्झवर ती 7 किलोहर्ट्झ, आणि दोन बोर्ड उलट दिशांना सरकले तर 14. समजा खरा फरक 9 आहे. 15 किलोहर्ट्झ अंतर ठेवलंत तर सायक्लिक प्रीफिक्सच्या (सिम्बॉलच्या शेपटीची पुढे लावलेली प्रत) कोरिलेशनला ±7.5 पलीकडचं दिसत नाही. ते 9 ला −6 सांगतं. आकडा शहाणा दिसतो, कुणी शंका घेत नाही. दुरुस्तीनंतर नेमके 15 उरतात, म्हणजे सगळं एक सबकॅरिअर सरकलेलं. स्पेक्ट्रम सुंदर, ऑर्थोगोनॅलिटी शाबूत, पायलट (आधीच ठाऊक असलेले सिम्बॉल) मात्र शेजारच्या घरात. मग एक गट म्हणतो तुमचा एन्कोडर चुकला, दुसरा म्हणतो तुमचा डिकोडर. चुकलेलं दोन्हीकडे काहीच नसतं.

उपाय: पीएसएसचा (सिंकसाठी पाठवलेला ठरलेला सिग्नल) शोध 0, ±1, ±2 सबकॅरिअर सरकवून घ्या. किंवा 30 किलोहर्ट्झ ठेवा. मर्यादा ±15 होते, 14 जेमतेम बसतात. बोर्ड चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मगच मोजा.

दुसरी खोड फाइलींची. एकाचा आयएफएफटी (सबकॅरिअरवरून सिग्नल बनवणारं गणित) नमपाय या लायब्ररीचा, दुसऱ्याचा एफएफटीडब्ल्यू या लायब्ररीचा: पहिला 1/एन ने भागतो, दुसरा नाही, 2048ला हा फरक 66 डीबी. शिवाय एनआरमध्ये (5जीचं रेडिओ मानक) प्रत्येक सिम्बॉलला कॅरिअर फ्रिक्वेन्सीनुसार फेज भरपाई द्यायची असते (थ्रीजीपीपी 38.211, भाग 5.4). एकानेच दिली तर डीएमआरएसचा, म्हणजे पायलटचा, सिम्बॉल ठीक, बाकीचे फिरलेले. म्हणून कोड लिहायच्या आधी एका स्लॉटची आयक्यू फाइल (सिग्नलच्या आय आणि क्यू या दोन घटकांचे नमुने) ठरवा: नमुन्याचा प्रकार, स्केल, सॅम्पलिंग रेट, आय आधी की क्यू. दोघांच्या डिकोडरने तीच फाइल वाचली पाहिजे.

एसएमए कनेक्टर पासोड्या विठोबापाशी मिळतात, पण केबल 50 ओमची मागा, नाहीतर टीव्हीची 75 ओमची गळ्यात पडेल. अँटेना लावून हवेत सोडायचं तर डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या स्पेक्ट्रम परवाने देणाऱ्या विभागाची) परवानगी लागते. आणि ‘700 मेगाहर्ट्झवर नारायणगावकडे मोकळं रान आहे’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका: खोडदची रेडिओ दुर्बीण म्हणजे जीएमआरटी त्याच पट्ट्यात ऐकत असते.

हां, 28 गिगाहर्ट्झ आणि ताशी 320 किलोमीटर असेल तर डॉप्लर 8 किलोहर्ट्झच्या वर जातो, खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं प्रकरण त्याहून वेगळं. तिथे ओटीएफएसवर बोलायला मी तयार आहे. तरीही गाइडना तोच हवा असेल, तर आधी दोन बोर्ड वेगळ्या खोल्यांत ठेवून, रेफरन्सची कॉमन केबल काढून, तासभर सीआरसी पास होताना त्यांना समोर बसवून दाखवा.