विज्ञानाशी सर्वात प्रामाणिक राहिलेली अंतराळ-मालिका कोणती?

माझ्या मते 'द एक्सपान्स' (२०१५ ते २०२२, एकूण ६ सीझन). सगळे सीझन मी पाहिलेत, काही प्रसंग तर थांबवून पुन्हा पुन्हा. बहुतेक मालिकांत यानात गुरुत्वाकर्षण आपोआप असतं, ते का आहे हे कुणी सांगतच नाही. इथे इंजिन चालू असेपर्यंतच पाय जमिनीला टेकतात. म्हणून यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक रचलेत आणि इंजिन तळाशी आहे. अर्धा प्रवास झाला की यान उलटं फिरतं आणि त्याच इंजिनाने वेग कमी करत जातं. सीरीस हा लघुग्रह फिरवून त्यावर गुरुत्वाकर्षण निर्माण केलंय, त्यामुळे ग्लासात ओतलेल्या दारूची धार सरळ न पडता एका बाजूला वळते. पात्रं त्यावर चकार शब्द काढत नाहीत, आणि मला तर ते फारच आवडलं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात प्रकाशालाही साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. इथली माणसंसुद्धा संदेश पाठवून उत्तराची वाट बघतात.

एक मात्र लक्षात घ्या: इतक्या कमी इंधनात इतकं दूर नेणारं इंजिन निव्वळ कल्पना आहे, आणि कथेतला परग्रहावरचा पदार्थ भौतिकशास्त्राचे नियम उघड उघड मोडतो. शिवाय पहिले तीन-चार भाग संथ आणि गुंतागुंतीचे वाटतील. तेवढे भाग धीर धरून बघाच.