इटलीतल्या टस्कनीत सायकलने फिरायचं आहे, रोजचे चढ झेपतील का?

झेपतील, पण रोज ४०-५० किमीच धरा. तिथले चढ फार लांब नसतात, मात्र संपतही नाहीत. जुनी गावं संरक्षणासाठी टेकड्यांच्या माथ्यावर वसवलेली; त्यामुळे पाय गळाल्यावर मुक्कामाच्या गावात शिरतानाच शेवटचा चढ लागतो! गायोले-इन-कियान्तीहून राद्दा, कास्तेलिना करत सिएना गाठा. १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या सोहळ्याचा सुमारे २०९ किमीचा मार्ग पाट्या लावून कायम खुला ठेवलाय. त्यातले पांढऱ्या खडीचे रस्ते हीच खरी मजा, पण बारीक टायर नकोत, ३५ मिमी तरी हवेत. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. दुपारी गावातली बरीच दुकानं बंद असतात (पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको), तेव्हा पाणी सकाळीच भरून घ्या.